हलकी बंदूक

एखादी वस्तू विकताना माणूस नेमकं काय विकतो? प्रश्न पुस्तकी वाटेल. पण माझ्यापुढे तो पाचशे रुपयांची नोट होऊन आला, म्हणून लिहितोय.

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. पाळी संपली की कविता लिहितो. चार दिवसांच्या रजेवर पिशोरला आलो तर वाड्यावरचं बोलावणं आलं. धाकटे मालक शहरात असतात. वडील वारले, लायसन त्यांच्या नावावर होतं, म्हणून घरातली शिकारी रायफल शस्त्राच्या दुकानात जमा केलेली. भावाभावांत कुणालाच ती नको. गिऱ्हाईक लायसनवाला आहे. मालक म्हणाले, "तू लिहितोस म्हणे. आमच्या आजोबांच्या रायफलीचं पानभर लिहून दे. इतिहास असला की दर येतो. तुझ्या घरच्यांना ठाऊकच आहे सगळं."

घरच्यांना ठाऊक आहे, हे मात्र खरं बोलले.

मोबाईलवर त्यांनी फोटो दाखवला. निजामाचं राज्य होतं तेव्हाची, म्हणजे सप्टेंबर १९४८ च्या आधीची ही रायफल. डोंगर चढताना मालकांना दम लागायचा, म्हणून कारागिराकडून मुद्दाम हलकी करून घेतलेली. नळी चार बोटं कापली. लाकडी दस्ता आतून कोरून पोकळ केला. पट्ट्याच्या कड्यासुद्धा बारीक बसवल्या. मालक कौतुकानं म्हणाले, "लेकराच्या हातात द्यावी इतकी हलकी."

घरी येऊन आज्याला सांगितलं. आजा ऐंशीच्या पुढं आहे. तो हसला. म्हणाला, "हलकी कुणाला? मालकाच्या हातात ती बार काढण्यापुरतीच राहायची. दिसभर तर माह्या बापाच्या खांद्यावर व्हती."

माझा पणजा वेठीला हाकारा करायचा. वेठ म्हणजे मजुरी नव्हे. बोलावलं की जायचं, पोटाचं आपलं आपण बघायचं. खांद्यावर रायफल, काखेत काडतुसांची पेटी, परत येताना पाठीवर मारलेलं जनावर. पाण्याची सुरई मात्र त्याच्याकडे नसायची. ती दुसरा गडी धरायचा. बंदुकीला आमचा विटाळ नव्हता, पाण्याला होता. मी गिरणीत रात्र रात्र यावर विचार केलाय. ज्या माणसाच्या हाती आपला जीव घेणारं हत्यार बिनधास्त देता येतं, त्याच्या हातचं पाणी चालत नाही. म्हणजे भीती त्या हातांची नव्हतीच. भीती त्याच्याबरोबर एका भांड्यातून पिण्याची होती.

आणि बंदूक हलकी केली की ती मागं जास्त जोरात धक्का देते. वजनदार बंदूक तो धक्का स्वतःच थोडा पिऊन टाकते, हलकी सगळा खांद्यावर ढकलते. शाळेत हे शिकवतात. मालकाचा खांदा दुखायचा, म्हणून बार काढताना ते दचकायचे. असंच एकदा दचकले. गोळी रानडुकराच्या मागच्या पायाला लागली. डुक्कर फिरलं ते थेट हाकाऱ्यांच्या रांगेत घुसलं. पणज्याची मांडी गुडघ्यापर्यंत फाटली. मरेस्तोवर तो लंगडत चालला. मालकांनी दोन पायल्या जवारी धाडली. आजा म्हणतो, "धाडली तरी. न धाडणारे बी व्हते." आज्याचं हे वाक्य मला त्या डुकरापेक्षा जास्त लागतं.

आता ही रायफल घेऊन कुणी करणार काय? १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली. कन्नडच्या बाजूचं गौताळ्याचं रान १९८६ साली अभयारण्य झालं. म्हणजे बंदुकीचं काम संपलं. उरलं लोखंड, लाकूड आणि गोष्ट. लोखंडाला फार पैसे येत नाहीत. किंमत गोष्टीची आहे. मग गोष्ट कुणाच्या मालकीची?

(फासेपारध्याच्या फाशाला कुणी असा दर दिला नाही. पोटासाठी तितर धरणाऱ्याला १८७१ च्या कायद्याच्या वाटेनं जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, तो शिक्का १९५२ ला निघाला म्हणतात. हौसेसाठी मारणाऱ्याचं मात्र भिंतीवर मुंडकं आणि खाली नाव.)

हे एकट्या पिशोरचं नाही. जिम कॉर्बेटनं १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ बळी सांगतात. बक्षीस म्हणून त्याला हलकी रिग्बी रायफल मिळाली, तिच्यावर चांदीची पट्टी. पट्टीवर कॉर्बेटचं नाव आणि देणाऱ्या लाटसाहेबाचं. वाघिणीला डोंगरावरून हुसकायला जवळपास तीनशे माणसं उभी होती. कॉर्बेटनं पुस्तकात त्यांच्याबद्दल लिहिलंय, नाही म्हणत नाही. पण पट्टीवर ती माणसं नाहीत. ती रायफल पुढं त्याच्या प्रकाशकाकडे गेली आणि २०१५ साली रिग्बी कंपनीनंच परत विकत घेतली. इतक्या वर्षांनी कंपनीनं काय घेतलं? पट्टीच घेतली.

तर मी पान लिहिलं. मांडी लिहिली, जवारी लिहिली, सुरईपण लिहिली. वाटलं, मालक कागद फाडतील. मला तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू. त्यांनी वाचलं, दोनदा वाचलं आणि म्हणाले, "एक नंबर. याला अजून दर चढेल." हातात पाचशे ठेवले. मी घेतले.

घेतले म्हणून झोप नाही. खरं सांगितलं की समोरचा हादरतो, असं आपण कवी लोक धरून चालतो. इथं तर खरं सांगितल्यानं मालाची किंमत वाढली. पणज्याची फाटलेली मांडी कापलेल्या नळीच्या शेजारी जाऊन बसली, बंदुकीचं आणखी एक वैशिष्ट्य म्हणून. मग मी सत्य सांगितलं की जखम विकली?

गिरणीतला एक मित्र म्हणाला, बंदूक आपणच घे. त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांत लिहिलंय की, जिथं धोका आहे तिथं गरज पडली तर सरकारनं दलित-आदिवासींना शस्त्राचे परवाने द्यावेत, आणि इतरांचे रद्द करून हत्यारं जमा करावीत. नियम आहे. पण मला ती रायफल नकोय. ती खांद्यावर घेतली तर मी पणज्यासारखा दिसेन की मालकासारखा, हेच कळत नाही. आणि बाजारातला दर माझ्या सहा महिन्यांच्या पगाराबाहेर आहे, तेव्हा त्यागाचा आव आणण्यात अर्थ नाही.

आज्यानं विचारलं, "पैसे घेतले?"

"घेतले."

"नाव लिव्हलं का त्याचं?"

मी लिहिलं नव्हतं. 'एक हाकाऱ्या' असं लिहिलं होतं. वाक्य बरं लागत होतं.

आजा म्हणाला, "मंग पाय कुणाचा फाटला त्यात?"

दुसऱ्या दिवशी वाड्यावर गेलो, कागद मागितला आणि त्यात पणज्याचं नाव घातलं, बापाच्या नावासकट. मालकांनी पाहिलं. "नाव कशाला रे? हाकाऱ्या पुरे. नाव आलं की उगा घरच्यांचा हक्क-बिक्क निघतो." मांडी चालली, सुरई चालली, नाव अडलं.

मी पाचशेची नोट ओट्यावर ठेवली आणि कागद घेऊन निघालो.

बंदूक विकायची तर कायद्यानं आधी कलेक्टरला नाहीतर ठाण्यात लेखी कळवावं लागतं. हत्याराचा तपशील द्यायचा, घेणाराचं नाव-पत्ता द्यायचा आणि ४५ दिवस थांबायचं. त्यांनी कळवलंय. मालकाचा निरोप दोनदा येऊन गेला, हजार देतो म्हणून. पणज्याचं नाव मी इथंही छापत नाही, त्याची जागा त्या कागदावर आहे. कागद माझ्या पेटीत आहे. ४५ मधले १९ दिवस गेलेत.