नियम, तत्त्व आणि सिमेंटचा पोल

आपली पोरं एक वाक्य फार सहज फेकतात. 'तो नोकरीला लागला, म्हणजे संपला.' मोर्चात होता तोवर माणूस. हजेरीपटावर नाव चढलं की बाबू. हे वाक्य मी चहाच्या टपरीवर ऐकलंय, अभ्यासवर्गात ऐकलंय, आणि समाजमंदिराच्या पायरीवर तर दर 14 एप्रिलला ऐकतो. त्यात थोडं खरं आहे, नाही असं नाही. पण त्याच्या पोटात जो प्रश्न आहे तो कुणी बाहेर काढत नाही. जो माणूस दिवसभर दुसऱ्याने लिहिलेले नियम पाळतो, त्याला स्वतःची नीती असू शकते का? की पगाराच्या बदल्यात ती जमा करावी लागते?

मी विजेचे खांब तपासतो. कागदावर ह्याला पेट्रोलिंग म्हणतात, गावात नुसतं 'वायरमन आला'. जुन्नर आणि आंबेगाव हे माझे दोन तालुके. पूर्वेला नारायणगाव, आळे, मंचर. ऊस, टोमॅटो, द्राक्षं आणि मोटारींचा लोड. पश्चिमेला नाणेघाटाचा पाऊस, भीमाशंकरच्या अंगाच्या आदिवासी वाड्या. पूर्वेचा खांब कलतो तो उसाच्या पाण्याने माती भुसभुशीत झाली म्हणून, नाहीतर ट्रॅक्टरच्या धक्क्याने. पश्चिमेचा कलतो तो पावसाने उतार सैल झाला म्हणून. काम ऐकायला सोपं. सिमेंटच्या पोलला चीर गेली का, आतली सळई गंजून बाहेर डोकावते का, ते बघायचं. लोखंडी पोल असेल तर जमिनीलगत हातोडीचा ठोका मारायचा. गंज तिथंच खातो, वर रंग चकचकीत. ताण सैल झालाय का. ताणाच्या तारेतला चिनी मातीचा गुटका शाबूत आहे का. अर्थिंगची तार कुणी कापून भंगारात घातली का. खांबाचा साधारण सहावा हिस्सा जमिनीत असतो, म्हणजे आठ मीटरच्या पोलचा सव्वा-दीड मीटर, आणि तपासणाऱ्याला नेमका तोच दिसत नाही. (संध्याकाळी उसाच्या कडेनं परतताना बिबट्याची धास्ती असते, ती वेगळी. तिचा भत्ता नाही.)

मग रजिस्टर. पोलचा नंबर, दोष, तारीख, सही.

सही केली की नियमाप्रमाणे माझं काम संपलं. आता समजा, कुठल्याही तालुक्यात, कुठल्याही माझ्यासारख्याने लिहिलं : 'पोल बुडाशी गंजलेला, बदलणे.' कागद वर गेला. वर मटेरियल नाही. पावसाळा आला. पोल आहे तिथंच, आणि त्याच्या खालून पोरं शाळेत जातात. उद्या तो पडला तर ती सही त्या तपासणाऱ्याला वाचवते. पोराला वाचवते का?

बाबासाहेबांनी 1936 साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नियम आणि तत्त्व यांतला फरक सांगितला. लाहोरच्या जातपात तोडक मंडळापुढे जे भाषण व्हायचं होतं आणि मंडळानं होऊ दिलं नाही, ते हे. नियम म्हणजे ठरवून दिलेली रीत, अमुक असं कर म्हणून सांगणारी. तत्त्व म्हणजे आपली आपण पारख करायचं साधन. नियम पाळला तर कृती बरोबर ठरेल, पण ती यंत्राची कृती. तत्त्व धरून चाललो तर चूक होऊ शकेल, पण ती चूक आपली असते, जबाबदारी आपली असते. आणि जबाबदारी नाही तिथे धर्म नाही. आपण हे हिंदू धर्मावरची टीका म्हणून वाचलं, टाळ्या वाजवल्या, पुढं गेलो. मी ते पेट्रोलिंगचं रजिस्टर शेजारी ठेवून वाचतो. तेव्हा टाळ्या वाजवाव्याशा वाटत नाहीत.

पण थांबा. नियमाला शिव्या घालणं सोपं आहे, आणि ज्यानं खांबावर पाय ठेवला नाही त्यालाच ते सोपं आहे. आमच्यात नियम आहे : आधी परमिट घ्यायचं, लाईन बंद झाल्याची खात्री करायची, टेस्टर लावायचा, मग डिस्चार्ज रॉड टाकून तारा जमिनीला जोडायच्या, मग चढायचं. तिकडून लाईट बंद केली म्हणजे तार मेली असं नसतं. कुणाचा तरी जनरेटर चालू असतो आणि उलट्या बाजूनं करंट येतो. तिथं 'मी तत्त्वाचा माणूस आहे' म्हणत हात घातला तर तत्त्वासकट जळाल. हे नियम मेलेल्या माणसांनी लिहिलेत असं मी समजतो.

मग सगळे नियम एका मापाचे नाहीत, हे कबूल करावं लागतं. माझं माप साधं आहे. नियमाला 'का?' असं विचारता येतं का? परमिटच्या नियमाला विचारा, उत्तर येतं : पलीकडे जनरेटर असू शकतो. आता महारवतनाला विचारून बघा. पाटलाचा निरोप महारानंच का न्यायचा? मेलेलं ढोर त्यानंच का ओढायचं? उत्तर एकच, पूर्वापार. त्या कामाला वेळ नव्हती, रजा नव्हती. बाप आजारी तर बायको-पोरं हजर. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतन कायदा बदलायचं बिल आणलं. आणि हलक्या गावकी वतनांचा कायद्याने शेवट व्हायला 1958 साल उजाडावं लागलं. तीस वर्षं. एक उत्तर नसलेला नियम मोडायला.

एका अभ्यासवर्गात एक पोरगा मला म्हणाला, 'दादा, तुझा आजा गावाची शीव चालायचा, तू लाईन चालतोस. फरक काय पडला?' पोरं हसली. मला राग आला नाही. प्रश्न चांगला होता. आज्याला 'का' विचारता येत नव्हतं. मला येतं, लेखी विचारता येतं, युनियनमधून विचारता येतं. आणि दुसरं, हा खांब आपल्याला परका नाही. 1942 ते 1946 बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज त्यांच्याच खात्यात होती. देशभर विजेचा विचार एकत्र व्हावा, ती गरिबाच्या घरापर्यंत आणि कारखान्यापर्यंत स्वस्तात जावी, अशी त्यांची मांडणी होती; 1944 साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभं राहिलं ते त्याच काळात. आपण त्यांच्या हातात घटना बघतो. तार कुणी बघत नाही.

आता खरी अडचण. 1950 नंतर नियम सगळ्यांना सारखे झाले. मीटरच्या अर्जात जात विचारत नाहीत. 2003 च्या वीज कायद्याचं 43 वं कलम म्हणतं की मागणाऱ्याला वीज देणं हे वीज देणाऱ्यावर बंधन आहे. थकबाकीसाठी तोडायची तर 56 व्या कलमाप्रमाणे पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, मग तो वाड्यात राहो की वस्तीत. नियमात जात नाही. मग ती गेली कुठं?

ती क्रमात जाऊन बसली.

कोणता खांब आधी बदलायचा? कोणता बिघाड आधी काढायचा? कुणाचा आकडा आधी उतरवायचा? नियम म्हणतो सगळे. कोण आधी, हे नियम सांगत नाही. ते फोन सांगतो. ज्याचा फोन साहेबापर्यंत पोहोचतो, त्याचा खांब आधी. आणि कुणीही छातीवर हात ठेवून म्हणू शकतो, मी जात पाळली नाही, मी फक्त आलेल्या फोनप्रमाणे गेलो.

तारेचंही तसंच. डीपीपासून लाईन निघते, गावातून जाते आणि शेवटी वस्तीला येते, कारण वस्ती गावाबाहेर आहे. कुणी ठेवली ती बाहेर, ते तुम्हाला सांगायला नको. वाटेत मोटारी, गिरणी, दुकानं करंट ओढतात. तार जितकी लांब तितकं व्होल्टेज पडतं. शेवटच्या घरात बल्ब लाल होऊन बसतो. ह्यात विजेचा दोष नाही. ओहमचा नियम जात मानत नाही. पण डीपी कुठं बसवायची हे ओहमनं ठरवलं नाही. ती लोडच्या मध्यावर बसवता येते, वस्तीच्या अंगाला सरकवता येते. जुन्या मनूने वस्तीची जागा ठरवली आणि नव्या नकाशाने तीच जागा बिनबोभाट 'टेल एन्ड' म्हणून लिहून घेतली.

आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे ते गाव डिंभ्याच्या धरणात बुडालं. धरणाच्या पायथ्याला वीजघर आहे. ज्यांची जमीन पाण्याखाली गेली त्यांच्या वाड्या लाईनच्या कितव्या टोकाला येतात, ते पावसाळ्यात एकदा चालून बघा.

आणि आता दुखरी गोष्ट. आकडा. आपल्या वस्तीवर आकडे आहेत. मी काढतो. एक मावशी मला म्हणाली, 'आरं, तू आपल्यातलाच ना? सोड की येवढा.' मी म्हणालो, 'मावशी, पत्र्याचं घर हाय, पोरगं वल्या हातानं धरंल.' ती काही दिवस बोलली नाही. आपल्यातले काही कार्यकर्तेही बोलले नाहीत. त्यांचं म्हणणं, मोठ्या बागायतदाराची अख्खी मोटार आकड्यावर चालते, ती दिसत नाही आणि गरिबाचा एक बल्ब दिसतो. ह्यातलं अर्धं बरोबर आहे. मोटार आधी काढली पाहिजे. पण 'आपला' म्हणून बल्ब सोडणं, हे तत्त्व नव्हे. तो बागायतदाराचा भाचा वायरमन झाला तर तोही असंच म्हणणार, मामा आपला आहे. आपण ज्या झाडाला कुऱ्हाड लावतोय त्याचीच ती फांदी. मैत्री म्हणजे आकड्याकडे डोळेझाक नव्हे. आकडा काढायचा आणि त्याच दिवशी मावशीचा मीटरचा अर्ज भरायचा, 43 वं कलम दाखवून पाठपुरावा करायचा. मी अर्ज भरून दिला. हे माझ्या ड्यूटीत नाही, आणि ड्यूटीत नाही म्हणून मनाईही नाही.

खोडदला ती मोठी रेडिओ दुर्बीण आहे, 45 मीटर व्यासाच्या तीस थाळ्यांची. तारेवर कुठं इन्सुलेटर तडकून ठिणगी उडाली तर तिला तो गोंगाट ऐकू येतो. आकाशाच्या पलीकडचं ऐकायला बसलेल्याला आमची ठिणगी ओरडल्यासारखी वाटते. मला गंमत वाटते. तीच ठिणगी शास्त्रज्ञाला गोंगाट, गुराख्याला मरण आणि रजिस्टरात 'पिन इन्सुलेटर 1 नग'. दोष किती मोठा, हे खांबावर ठरत नाही. खाली कोण उभा आहे त्यावर ठरतं. म्हणून मी शेऱ्याच्या रकान्यात ते लिहितो : 'शाळेची वाट.' 'पाणवठा.' 'वस्तीतील घरांवरून तार.' असा रकाना नाही, पण शेरा कुणी खोडत नाही, आणि उद्या वरच्याला 'मला माहीत नव्हतं' असं म्हणता येत नाही. त्याचा क्रम मी बदलू शकत नाही. त्याची सबब काढून घेऊ शकतो.

राहिला एक क्रम, सगळ्यात वाईट. चढायचं कोणी? महाराष्ट्रभर कायम माणसं कमी झाली आणि कंत्राटी पोरं वाढली. पोरं कुणाची, आडनावं वाचा. खाली उभं राहून सही करणारा एक, वर चढणारा दुसरा. अपघात झाला तर 161 व्या कलमाप्रमाणे खबर द्यावी लागते, चौकशी होते. पण वर चढलेल्याचं नाव परमिटवर नसेल तर चौकशी कुणाची? म्हणून ज्याचा हात तारेला लागणार त्याचं नाव परमिटवर आलं पाहिजे, आणि हातमोजे, बूट, पट्टा दिसल्याशिवाय त्यानं चढू नये, एवढ्यावर मी अडून बसतो. काही वेळा काम तासभर थांबतं. थांबू दे.

तुमच्याकडून मला घोषणा नकोत. दोन्ही तालुक्यांतल्या कंत्राटी पोरांची एक यादी हवी आहे. कोणाला मोजे मिळालेत, कोणाचा विमा उतरवलाय, कोण शिकाऊ म्हणून घेतला आणि पहिल्याच आठवड्यात खांबावर गेला. वही घेऊन एखाद्या रविवारी या, लाईन चालून दाखवतो. सुरुवात शेवटच्या खांबापासून करू आणि डीपीकडे येऊ.