चुकून छापलेला भाव

चवथ जवळ आली की गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात सवलतींचे फलक लागतात. लाटंबार्सेची एखादी गृहिणी मोबाइलवर मिक्सरची जाहिरात बघते, बस पकडून दुकानात येते, आणि गल्ल्यावरून उत्तर मिळतं, "तो भाव चुकून पडला, बाय." दुकानदार खोटंच बोलतोय असं नाही, छापताना आकडा चुकू शकतो. पण तिचं बसभाडं गेलं, अर्धा दिवस मोडला. ती चूक कोणी सोसायची?

कराराचा जुना कायदा दुकानदाराला सांभाळून घेतो. मांडलेला माल हे फक्त निमंत्रण. विकत घेण्याचा प्रस्ताव गिऱ्हाईक मांडतं आणि दुकानदार तो नाकारू शकतो. इंग्लंडमध्ये १९५३ साली 'बूट्स' या औषधविक्रेत्याच्या खटल्यात हेच ठरलं.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ गिऱ्हाइकाच्या बाजूने विचार करतो. वेष्टनावर छापलेल्या किंवा दुकानात लावलेल्या दरपत्रकातल्या किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले, तर ती सरळ तक्रारीची बाब. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं.

ओडिशात एका विद्यार्थ्याने २०१४ मध्ये ॲमेझॉनवर २३,४९९ रुपयांचा लॅपटॉप १९० रुपयांत मागवला. ऑर्डर नोंदली गेली आणि थोड्याच वेळात रद्द झाली. २०२१ मध्ये तिथल्या राज्य ग्राहक आयोगाने त्याला एकूण ४५,००० रुपये द्यायला लावले. १९० रुपयांत लॅपटॉप मिळणार नाही हे कोणालाही कळतं, त्यामुळे या निकालावर वाद घालायला जागा आहे. चवथीच्या दिवसांत तीन हजारांचा मिक्सर दोन हजारांना मिळेल, यावर मात्र शहाण्या माणसानेही विश्वास ठेवावा. भाव असा पटण्याजोगा असेल, तर विक्रेत्याने तो पाळलाच पाहिजे. चूक त्याच्या हातून झाली, आणि फलक टांगण्याआधी आकडा तपासणं त्याच्याच हातात होतं.

लाटंबार्सेकरांच्या दृष्टीने नव्या कायद्यातली आणखी एक तरतूद मोलाची आहे. हद्द ओलांडली की दोडामार्ग, म्हणजे महाराष्ट्र. १९८६च्या कायद्याखाली तिथल्या दुकानाविरुद्धची तक्रार बहुधा सिंधुदुर्गात न्यावी लागे. आता ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातच, म्हणजे उत्तर गोव्याच्या आयोगापुढे, ती दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. जाहिरातीचा किंवा फलकाचा फोटो आणि बिल मात्र जपून ठेवावं लागतं. फलक दुसऱ्या दिवशी उतरलेला असतो.