हजेरीचा आकडा आणि माणसाचे काम



दुसऱ्याच्या कामाविषयी चार ओळी लिहून खाली सही करण्याचा प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांवर येतो. मुख्याध्यापक शिक्षकांविषयी लिहितात, इस्पितळातील मेट्रन परिचारिकांविषयी लिहितात, कचेरीतील साहेब हाताखालच्या माणसांविषयी लिहितात. आम्हीही गेली नऊ वर्षे हैदराबादेतील एका कचेरीत अकरा जणांच्या कामाचे वार्षिक अहवाल लिहीत आलो आहोत. परदेशी कंपन्यांचे हिशेब ठेवण्याचे काम तेथे चालते. कोणाला किती पगारवाढ मिळावी आणि कोणाची बढती लांबावी, हे पुष्कळ अंशी आमच्या त्या चार ओळींवर ठरते. रविवारी उपदेश करणे त्या मानाने सोपे आहे. तेथे कोणाचे नाव घ्यावे लागत नाही.

गेल्या वर्षी मार्च महिन्यात अहवालाच्या कोऱ्या नमुन्याबरोबर वरून आम्हांला एक तक्ता आला. २०२० च्या टाळेबंदीपासून आमच्या बहुतेक बैठका संगणकावर होतात. आता त्यांना बैठक कोणी म्हणत नाही, लहानथोर सगळे मीटिंगच म्हणतात. माणूस मीटिंगमध्ये किती वाजता आला, किती वाजता गेला, कॅमेरा किती मिनिटे चालू होता, मीटिंग स्वतः बोलावली की दुसऱ्याच्या बोलावण्यावरून आला, हे सारे संगणक टिपून ठेवतो. त्या नोंदींची वर्षाची बेरीज करून प्रत्येकाच्या नावापुढे मांडली होती. अहवाल न्याय्य व्हावेत, साहेबांच्या मर्जीवर अवलंबून राहू नयेत, या चांगल्या हेतूनेच तो पाठवला होता. आम्हांलाही तो पाहून हायसे वाटले, हे कबूल करतो. वर्षभराच्या आठवणी उकरून प्रत्येकाविषयी काहीतरी लिहिण्याचा आम्हांला दर मार्चला कंटाळा येई.

त्या तक्त्याने आमच्या हातून एक बरे काम करवले. आमच्या गटात एक तरुण आहे, अबोल, कॅमेरा नेहमी बंद ठेवणारा. "मीटिंगांना बहुधा गैरहजर असतो," असे वाक्य आम्ही त्याच्याविषयी लिहूनही टाकले होते. तक्ता पाहतो तो गटाच्या ४८ मीटिंगांपैकी ४६ ना तो पहिल्यापासून शेवटपर्यंत होता! तो दिसत नव्हता आणि ऐकू येत नव्हता, म्हणून आमच्या मनाने त्याला गैरहजर ठरवले होते. वाक्य खोडले आणि मनातल्या मनात त्या तक्त्याचे आभार मानले.

मग त्याच भरवशावर आम्ही पुढच्या नावाकडे वळलो. ते एका सहकारी भगिनीचे होते. बाकीच्यांच्या मीटिंगांचे तास महिन्याला सरासरी २५ च्या घरात, आणि यांचे पाच. आम्ही लिहिले, "सामूहिक कामात सहभाग कमी." श्रेणी एका पायरीने खाली आली आणि तिच्याबरोबर पगारवाढही. त्यांनी अहवाल वाचला, सही केली, तक्रार केली नाही.

जून महिन्यात आईच्या आजारपणामुळे त्या पंधरा दिवस रजेवर गेल्या आणि महिनाअखेरचे हिशेब अडले. बँकेची खाती आणि आमच्या वह्या यांचा ताळमेळ त्या कसा घालतात, हे कोणालाच धड माहीत नव्हते. त्यांची पद्धत कोठे लिहिलेली सापडते का, म्हणून आम्ही जुनी ईमेल चाळू लागलो, तेव्हा आमचेच दोन वर्षांपूर्वीचे एक पत्र हाती आले. महिन्याच्या शेवटच्या आणि पहिल्या आठवड्यात सगळेच मीटिंगमध्ये बसले तर काम थांबते, तेव्हा आपण मीटिंगांना न येता जागेवर राहावे, अशी सूचना आम्हीच त्यांना दिली होती. ती आम्ही विसरलो. त्यांनी मात्र महिन्यामागून महिने पाळली. बाकीचे दहा जण निर्धास्तपणे मीटिंगमध्ये बसू शकत होते, ते या एका बाईंच्या जिवावर.

त्या रजेवरून परतल्यावर आम्ही त्यांची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "सर, मला वाटलं, तुम्ही सगळं बघूनच लिहिलं असेल." आम्ही सगळे पाहिलेच होते. तक्त्यावर होते तेवढे सगळे.

वाचकहो, यात खोटे काय होते? तक्त्यातला एकही आकडा खोटा नव्हता. पाच तास म्हणजे पाचच तास. दहा आज्ञांपैकी खोट्या साक्षीविषयीची आज्ञा संडे स्कूलमध्ये शिकवताना आपण मुलांना जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्या साक्षीदाराचे उदाहरण देतो. अस्सल खऱ्या आकड्याने एखाद्याविरुद्ध खोटी साक्ष देता येते, हे आम्ही वीस वर्षांत एकदाही शिकवले नाही, कारण ते आम्हांलाच ठाऊक नव्हते.

मीटिंगचा तक्ता हा दारावर बसलेल्या रखवालदारासारखा आहे. कोण आत गेले आणि कोण बाहेर आले, एवढे तो अचूक सांगेल. आत कोणाच्या बोलण्याने अडलेली गोष्ट सुटली, कोण नुसती मान हलवत होता, कोणाला मुळात बोलावलेच नव्हते, हे त्याला विचारण्यात अर्थ नाही. शिवाय तो काय सांगतो आहे, तेही नीट समजून घ्यावे लागते. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या टीम्स या साधनाच्या अहवालात प्रत्येकाच्या ऑडिओच्या वेळेची नोंद असते. आम्ही कित्येक दिवस समजत होतो की तो माणूस तेवढा वेळ बोलला. वास्तविक तो तेवढा वेळ आवाजाच्या जोडणीवर होता, इतकाच त्याचा अर्थ. मुका राहिलेला आणि अखंड बडबडलेला, दोघांचा आकडा सारखाच येऊ शकतो.

ही साधने बनवणाऱ्यांनाही या बाबतीत पाय मागे घ्यावा लागला आहे. झूम या साधनात पूर्वी एक सोय होती. एखाद्याने ३० सेकंदांहून अधिक काळ मीटिंगची खिडकी सोडून संगणकावर दुसरेच काही उघडले, तर मीटिंग चालवणाऱ्याला तशी खूण दिसे. एप्रिल २०२० मध्ये कंपनीने ती सोय काढून टाकली. त्याच वर्षाच्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने 'प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर' नावाचे साधन बाजारात आणले. एकेक कर्मचारी कोणते साधन किती दिवस वापरतो, हे त्यात नावानिशी पाहता येत होते. त्यावर युरोप-अमेरिकेत इतकी टीका झाली की १ डिसेंबर २०२० रोजी कंपनीने व्यक्तींची नावे त्यातून काढून टाकत असल्याचे जाहीर केले. संस्थेचे कामकाज कसे चालले आहे हे पाहण्यास ते आकडे ठीक, एकेका माणसाला जोखण्यास नव्हेत, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

यावर कोणी म्हणेल, मग तक्ता केराच्या टोपलीत टाका आणि आपल्या सदसद्विवेकबुद्धीने लिहा. हे बोलणे कानाला गोड लागते, पण त्या अबोल तरुणाचे काय? आमची सदसद्विवेकबुद्धी त्याला गैरहजर ठरवून मोकळी झाली होती. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२० साली एक लेख प्रसिद्ध केला. सैन्यातील वरिष्ठांनी हाताखालच्या माणसांना दिलेले गुण त्याने त्यात तपासले होते. बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व, चारित्र्य या वेगवेगळ्या गोष्टी. पण ज्याला एकीत चांगले गुण, त्याला बहुधा सगळ्यांतच चांगले गुण दिलेले आढळले. माणूस एकदा मनात भरला की त्याचे सारेच चांगले दिसते, आणि मनातून उतरला की सारेच वाईट. त्यात आपली स्मृती आखूड. मार्चमध्ये अहवाल लिहिणाऱ्याला फेब्रुवारीतली चूक आठवते, मागल्या जुलैतले कष्ट आठवत नाहीत. म्हणून आकडा हवा. प्रश्न एवढाच की तो कोणावर रोखायचा.

आमच्या मते तो प्रथम लिहिणाऱ्याने स्वतःवर रोखावा. अहवाल आधी आपल्या हाताने लिहावा आणि मग प्रत्येक कठोर वाक्य तक्त्याशी ताडून पाहावे. "हा येतच नाही," असे लिहिले असेल आणि तक्ता नाही म्हणत असेल, तर वाक्य खोडावे. परंतु तक्त्यात आकडा लहान दिसला, एवढ्यावरून नवे कठोर वाक्य जन्माला घालू नये. लहान आकडा हा प्रश्न आहे, उत्तर नाही. आणि तो ज्याच्याविषयी आहे, त्याला जाऊन विचारायचा असतो. कोणाला मीटिंगला बोलावले होते, कोणाचे काम मुळात एकट्याने बसून करण्याचे आहे, अमेरिकेतल्या माणसांच्या सोयीने रात्री साडेनऊला ठेवलेल्या मीटिंगला घरी लहान मूल असलेली बाई दहा मिनिटे उशिरा का येते, हे विचारल्याखेरीज कळत नाही. आमच्या भगिनीला आम्ही एक प्रश्न विचारला असता, तर तीन मिनिटांत उलगडा झाला असता.

दुसरेही एक संकट आहे. मीटिंगांचे तास मोजले जातात, ही बातमी आमच्या कचेरीत आठवडाभरात पसरली. मग ज्याला बोलावणे नाही तो बोलावणे मागू लागला, आणि दोघांत फोनवर मिटणाऱ्या गोष्टीला सहा जण जमू लागले. चार्ल्स गुडहार्ट नावाच्या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७५ साली सरकारी चलनधोरणासंबंधी अशीच एक गोष्ट दाखवली होती: ज्या मापावर अंमल गाजवू पाहावे, ते माप बिघडते. आमच्याकडे हिशेबाचे काम मागे पडू लागले आणि तक्ता मात्र दिमाखदार दिसू लागला.

संडे स्कूलच्या शिक्षकांना हे नवे वाटू नये. नाताळात आपण हजेरीचे बक्षीस देतो. आमच्या वर्गात एक मुलगी दर रविवारी दुसरे गीत संपताना येई आणि आम्ही पटावर तिच्यापुढे उशिराची खूण करीत असू. अंथरुणाला खिळलेल्या आजीला भरवून ती निघे, हे आम्हांला आजीच्या अंत्यविधीच्या दिवशी समजले. बक्षीस तोवर दुसऱ्याला देऊन झाले होते.

कामाच्या अहवालाविषयी आपल्या देशात एक मोठा निवाडा झाला आहे, तो येथे सांगण्याजोगा आहे. देव दत्त हे सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेत कार्यकारी अभियंता होते. १९९३-९४ च्या गोपनीय अहवालात त्यांच्यापुढे 'चांगले' असा शेरा होता. शेरा वाईट नाही, म्हणून तो त्यांना कोणी कळवला नाही. पण बढतीसाठी पाच वर्षे 'अतिशय चांगले' हा शेरा लागत होता, आणि त्या एका शब्दावर त्यांची बढती अडली. सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २००८ रोजी सांगितले की अहवालातील प्रत्येक शेरा, मग तो बरा असो वा वाईट, संबंधित नोकराला कळवला पाहिजे, म्हणजे त्याला त्यावर आपले म्हणणे मांडता येईल. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारने संपूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखवण्याचा आदेश काढला. आमची कचेरी खासगी आहे, तिला हा निवाडा बांधत नाही. तेथे अहवाल दाखवतात, परंतु ज्या तक्त्यावरून तो लिहिला तो दाखवत नाहीत. निकाल ऐकवायचा आणि साक्षीदार पडद्याआड ठेवायचा, असा तो प्रकार होतो.

जूनमध्ये आम्ही वर लिहून श्रेणी दुरुस्त करण्याची विनंती केली. वर्षाचे अहवाल बंद झाले आहेत, पुढल्या वर्षी पाहू, असे उत्तर आले. त्या भगिनीची गेलेली पगारवाढ गेलीच. त्यांना आम्ही ते उत्तरही दाखवले. त्यांनी ते वाचले आणि महिनाअखेरचे काम हाती घेतले.

यंदाचा तक्ता गेल्या सोमवारी आला आहे. अकरा नावे, अकरा ओळी. त्यांची ओळ याही वर्षी सर्वांत तोकडी आहे. अहवाल कोराच ठेवून आम्ही प्रत्येकाच्या ओळीचा एकेक कागद छापून घेतला आहे आणि उद्या सकाळी दहा वाजता पहिली वेळ त्या बाईंकडे मागितली आहे.