लोकरी टोपी, कसर आणि अहिंसा

सोलापूरलगतच्या कुंभारीसारख्या गावात जैन घरातील वडीलधाऱ्याची काळी लोकरी टोपी त्याच्या पश्चात पेटीत जपायची झाली, तर कसर, म्हणजे लोकर खाणाऱ्या पतंगाची अळी, हा साध्या निगेचा प्रश्न धर्माचा होऊन बसतो. जैन आचारशास्त्र गृहस्थाच्या हिंसेत भेद करते: संकल्पी, म्हणजे मारण्याच्याच हेतूने केलेली, ही त्याला वर्ज्य, आरंभी, म्हणजे घरकामात अपरिहार्यपणे घडणारी, ही जपून कमी करायची. या कसोटीवर अळ्या झाल्यावर विषारी गोळ्या टाकणे पहिल्या प्रकाराकडे झुकते, तर टोपी आधीच झटकून, घामाचे डाग काढून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्यास पतंगाला अंडी घालण्याची संधीच मिळत नाही. मात्र उमास्वातींचे तत्त्वार्थसूत्र परिग्रह वस्तूत न पाहता मूर्च्छेत, म्हणजे आसक्तीत पाहते, आणि येथे खरी अडचण उभी राहते: निर्दोषपणे जपलेली टोपीही बंधन ठरू शकते, उलट ती एखाद्या गरजूच्या डोक्यावर गेली तर हिंसेचा पेच बहुधा उद्भवतच नाही, कारण रोज वापरातल्या लोकरीत कसर क्वचितच टिकते.