माप कुणाचं?

१९६९ साली केन थॉम्पसन युनिक्सचे पहिले तुकडे लिहीत होते, तेव्हा ते चालायचे होते पीडीपी-७ या संगणकावर आणि बांधले जायचे जीई-६३५ या दुसऱ्याच संगणकावर. बांधलेला प्रोग्रॅम भोकं पाडलेल्या कागदी फितीवर उतरवायचा आणि ती फीत पीडीपी-७ कडे न्यायची. आज फीत गेली, काम तेच राहिलं: इंटेलच्या लॅपटॉपवर बसून रास्पबेरी पायच्या आर्म प्रोसेसरसाठी पॅकेज बांधायचं. याला क्रॉस-कंपायलिंग म्हणतात.

अवघड भाग भाषांतराचा असेल असं वाटतं. पण आर्मच्या सूचना लिहिताना कंपायलरला काही कष्ट पडत नाहीत. अडतं ते आधीच्या चौकशीत. 'कॉन्फिगर' ही स्क्रिप्ट बारकेसे प्रोग्रॅम बांधते, चालवून बघते आणि मिळालेली उत्तरं टिपून ठेवते. आर्मसाठी बांधलेला प्रोग्रॅम इंटेलवर चालणार कसा? आणि इंटेलसाठी बांधून चालवला, तर शिंप्याने गिऱ्हाइकाऐवजी स्वतःच्याच अंगाला टेप लावल्यासारखं होतं.

अंगं खरोखरच निराळी असतात. सी भाषेतला साधा 'कॅर' घ्या. लिनक्सवर इंटेलकडे त्यात उणे संख्या मावते, आर्मकडे मावत नाही. तिथे उणे एक ठेवला की २५५ होतो. फाइल संपल्याची खूण उणे एकच असते. त्यामुळे वाचलेलं अक्षर 'कॅर'मध्ये ठेवणाऱ्या आळशी प्रोग्रॅमची फाइल आर्मवर कधी संपतच नाही. (चूक लिहिणाऱ्याचीच, इंटेलने ती झाकून ठेवली होती.)

या साऱ्या खटाटोपातली एक युक्ती मला फार आवडते. 'लाँग' किती बाइटचा, हे काहीही न चालवता कळायला हवं. मग 'कॉन्फिगर' स्क्रिप्ट तयार करून देणारं ऑटोकॉन्फ असा अ‍ॅरे मांडतं, की अंदाज चुकला तर त्याची लांबी उणे व्हावी. तसला अ‍ॅरे कंपायलर नाकारतो. नकार ऐकत ऐकतच खरा आकडा सापडतो. उपनिषदांनी नेति नेति ब्रह्मासाठी वापरलं, इथे प्रश्न चार की आठ एवढाच. रीत मात्र ओळखीची.

काही प्रश्नांना ही युक्ती लागू पडत नाही. शून्य बाइट मागितल्यावर मेमरी देणारं 'मॅलॉक' फंक्शन काय देतं, हे चालवूनच कळतं. म्हणून कित्येक वर्षं स्क्रिप्ट ते बिघडलेलंच आहे असं धरून चालायची, आणि कुणीच न लिहिलेल्या बदली फंक्शनच्या शोधात बांधणी कोसळायची. मग माणसाने उत्तर आधीच हाताने लिहून द्यायचं. क्यूईएमयू या एम्युलेटरकडून आर्मचं सोंग करवून घेता येतं, पण मला हाताने लिहिलेली ओळ बरी वाटते. ती लिहिणाऱ्याने समोरचं यंत्र निदान पाहिलेलं असतं.

थॉम्पसन यांनी पुढे पीडीपी-७ वरच चालणारा असेंब्लर लिहिला. फितींच्या फेऱ्या तिथे थांबल्या.