गृहशौच आणि अहिंसा

गृहस्थाश्रम हा इतर तिन्ही आश्रमांचा आधार होय, असे शास्त्रे सांगतात. परंतु त्याच गृहस्थाच्या घरी नित्य हिंसा घडत असते, हेही ती लपवून ठेवीत नाहीत. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात (३.६८) घरातील पाच हिंसास्थाने मोजली आहेत: चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. यांनाच ‘पंचसूना’ म्हणतात. सूना म्हणजे वधस्थान. विशेष हे की, जी घर शुद्ध करते ती केरसुणीही या गणनेतून सुटलेली नाही.

येथे विचारी गृहस्थापुढे एक प्रश्न उभा राहतो. श्रीमद्भगवद्गीतेत ज्ञानाची लक्षणे सांगताना (१३.७) अहिंसा व शौच ही दोन्ही एकाच श्लोकात आली आहेत; शारीर तपाच्या वर्णनातही (१७.१४) ती पुन्हा एकत्रच येतात. पण व्यवहारात ती परस्परविरोधी भासतात. शौच पाळावे तर ढेकूण, झुरळे, मुंग्या, डास यांचा नाश होतो. अहिंसा पाळावी तर अंथरूण, स्वयंपाकघर आणि लेकरांचे आरोग्य बिघडते. मग गृहस्थाने करावे काय?

याची दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात. कोणी म्हणतो, क्षुद्र किड्यांचा कसला विचार करावयाचा? विषारी औषध फवारले की झाले. पण सर्व भूतांच्या ठिकाणी समदृष्टी शिकविणाऱ्या गीतेच्या उपासकाला हे बोलणे शोभत नाही. दुसरा म्हणतो, पाप नको, म्हणून काहीच करू नये. हेही योग्य नाही. नियत कर्माचा मोहाने केलेला त्याग तामस होय (१८.७), आणि धुराने अग्नी वेढलेला असावा त्याप्रमाणे सर्वच कर्मे दोषाने वेढलेली आहेत, म्हणून सहज कर्म टाकू नये (१८.४८), असा भगवंतांचा निर्णय आहे. अंथरुणातील ढेकणांनी लेकरू रात्रभर तळमळत असता स्वस्थ बसणे ही अहिंसा नव्हे. ते केवळ कर्तव्यापासून पलायन होय.

खरे उत्तर असे आहे की, शौच वेळेवर केले तर हिंसेचा प्रसंग बहुधा येतच नाही. किडा घरात शिरतो तो अन्न, ओल आणि आडोसा यांच्या शोधात. हे तिन्ही आपणच त्याला देतो आणि मग तो आला म्हणून त्याचा वध करतो. उष्टे-खरकटे रात्रभर ठेवणे, मोरीची फट न बुजविणे, गाद्या-गिरद्यांना महिनोन्‌महिने ऊन न दाखविणे, या प्रत्येक आळसात पुढच्या हिंसेचे बीज असते.

मुंग्यांचे उदाहरण घ्या. त्या आपल्या वाटेवर एक गंध सोडीत जातात आणि मागून येणाऱ्या त्याच गंधाने मार्ग ओळखतात. वाटेवरील मुंग्या अलगद झाडून बाहेर सोडाव्या, ती वाट साबणाच्या पाण्याने किंवा शिरक्याने पुसून काढावी, गुळाचा डबा घट्ट झाकावा आणि भिंतीची फट लिंपावी. रांग मोडते व विष घालण्याची वेळ येत नाही. झुरळांच्या बाबतीत ओटा व मोरी रात्री कोरडी ठेवणे हे कोणत्याही औषधाहून आधी करावयाचे काम आहे. धान्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालण्याची जुनी चाल आहे. निंबातील द्रव्याने किड्यांचे खाणे व वाढणे खुंटते. लोकरी वस्त्रे स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट झाकणाच्या पेटीत ठेवली तर कसर लागण्याचा संभव कमी होतो.

बैठकीच्या कापडी आसनांचेही असेच आहे. त्यांना कुबट वास येतो तो घाम, सांडलेले अन्न आणि ओल यांमुळे. त्यावर खाण्याचा सोडा भुरभुरावा, काही तास राहू द्यावा आणि मग कुंच्याने झाडून काढावा. आम्ल द्रव्यांमुळे आलेला वास त्याने पुष्कळसा जातो. डागावर रिठ्याच्या पाण्याचा केवळ फेस लावावा व कोरड्या फडक्याने टिपून घ्यावा. आसन भिजवू नये, कारण आत राहिलेली ओल बुरशीला आमंत्रण देते. नंतर ऊन व वारा द्यावा. सुगंधी द्रव्य शिंपडून दुर्गंध झाकणे म्हणजे शौच नव्हे. आचार्यांनी शौचाचा अर्थ सांगताना बाह्य मळ मृत्तिका व जलाने धुणे आणि अंतरीचे रागादि मळ दूर करणे असे दोन भाग केले आहेत. दोन्ही ठिकाणी मळ काढावयाचा आहे, झाकावयाचा नाही.

मात्र ‘घरगुती’ म्हणजे ‘निर्दोष’ असा भ्रम नसावा. पिठात साखर व बोरिक पावडर कालवून केलेल्या गोळ्या घरीच होतात, पण त्या विषच आहेत. रांगणाऱ्या मुलाच्या हाती लागल्या तर अनर्थ ओढवतो. कापूर व डांबरगोळ्या गिळल्या गेल्यास घातक ठरतात. शिरका आणि ब्लीचिंग पावडर एकत्र केल्यास क्लोरीनचा विषारी वायू निघतो. परिणाम, हानी, हिंसा आणि आपले सामर्थ्य न पाहता मोहाने आरंभिलेले कर्म तामस होय (१८.२५). हा श्लोक औषधाची बाटली हाती घेताना प्रत्येकाने आठवावा.

विषांची सरसकट निंदाही न्याय्य नव्हे. डीडीटीची कीटकनाशक शक्ती १९३९ साली पाउल म्युलर यांनी शोधली व १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात १९५३ साली हिवतापाविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू झाली तेव्हा वर्षाला सुमारे साडेसात कोटी रोगी होत असा अंदाज होता. फवारणीच्या बळावर १९६५ पर्यंत ही संख्या एक लाखाच्या आसपास आली. असंख्य प्राण वाचले, ही कृतज्ञतेने मान्य करण्याची गोष्ट आहे. परंतु १९७६ साली रोगी पुन्हा चौसष्ट लाखांवर गेले. डासांत आलेली प्रतिकारशक्ती आणि कामातील शैथिल्य ही त्याची प्रमुख कारणांपैकी होती. विष नित्याच्या दक्षतेची जागा घेऊ शकत नाही. डेंग्यूचा डास घरच्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि सुमारे आठ-दहा दिवसांत नवा डास उडू लागतो. पाण्याची भांडी घट्ट झाकली तर त्यांत अंडी पडतच नाहीत. आठवड्यातून एक दिवस ती रिकामी करून घासणाऱ्या घराला विषाची गरज क्वचितच भासेल.

तरीही कधी मारणे अटळ होते. गादीत ढेकूण झालेच तर कपडे कढत पाण्यात धुवावे लागतात आणि त्यात जीव जातात. अशा वेळी गृहस्थाने हे कर्म रक्षणाच्या बुद्धीने, आवश्यक तेवढेच, द्वेष व मौज न मानता करावे. आणि ही वेळ पुन्हा येऊ नये अशी व्यवस्था त्याच दिवशी करावी.

उरलेल्या दोषाचे काय? पंचसूनांच्या निष्कृतीसाठीच पंचमहायज्ञ सांगितले आहेत. गीतेच्या ३.१३ या श्लोकावरील भाष्यात श्रीशंकराचार्यांनी यज्ञशेष खाणाऱ्याची ज्या पापांतून सुटका होते त्यांत पंचसूनांची व प्रमादाने घडलेल्या हिंसेची पापे धरली आहेत. त्या यज्ञांतील भूतयज्ञाच्या प्रसंगी कुत्रे, कावळे आणि कृमी यांच्यासाठीही भूमीवर अन्न ठेवावे, असे मनू सांगतो (३.९२). ज्या मुंगीला स्वयंपाकघरातून बाहेर करावयाचे, तिच्यासाठीच अंगणात मूठभर पीठ ठेवावयाचे. जीवाला त्याचा वाटा मिळावा, पण तो योग्य स्थानी. घराबाहेर तिचा हक्क मान्य केला म्हणजे घरातून तिला दूर ठेवताना मनात द्वेष उरत नाही.

म्हणून प्रत्येक गृहस्थाने व गृहिणीने केरसुणी हाती घेताना हे तपाचे साधन आहे, असे समजावे. रोज थोडे श्रम करून अनेक जीवांचे मरण टाळता येते. हे श्रम घरातील एकाच व्यक्तीवर न टाकता सर्वांनी वाटून घ्यावे आणि भगवंताला अर्पण करावे. असे घर निर्मळ राहील आणि त्यात राहणाऱ्यांचे अंतःकरणही हळूहळू निर्वैर होत जाईल.