देवमासा व विश्वासू कारभारी

चिखलीपासून समुद्र पुष्कळ दूर. तेव्हा देवमाशांच्या शिकारीशी आम्हां इंद्रायणीकाठच्या मंडळीचा काय संबंध, असे कोणी पुसेल. परंतु ज्या मोटारींच्या धंद्यावर आज आमच्या परिसरातील पुष्कळांचे पोट भरते, त्याच धंद्यात परदेशी 1970 च्या सुमारापर्यंत देवमाशाचे तेल वंगणात घालीत असत, हे ध्यानात घ्यावे.

नॉर्वेचे स्वेन फॉइन यांनी स्फोटक भाला फेकणाऱ्या तोफेचा हक्क 1870 साली मिळविला. गृहस्थ धर्मशील, मिशनकार्यास त्यांनी उदार हस्ते द्रव्य दिले. तथापि त्यांनी मोकळ्या केलेल्या वाटेने विसाव्या शतकात सुमारे 29 लक्ष देवमासे मारले गेले. हेतू शुद्ध असला तरी कृतीचा हिशेब द्यावाच लागतो.

आमच्या अरबी समुद्राचेच पाहा. येथील हंपबॅक जातीचे देवमासे इतर समुद्रांतील आपल्या जातभाईंप्रमाणे दूरच्या थंड प्रदेशी जात नाहीत, येथेच राहतात. 1966 च्या नोव्हेंबरात सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान व हिंदुस्थान यांच्या किनाऱ्यांलगत त्यांपैकी 238 मारले. हे नियमाविरुद्ध होते, म्हणून बाहेर खोटे आकडे कळविले. खरे आकडे तेथील शास्त्रज्ञांनीच 1990 नंतर उघड केले. पुढे ओमानजवळ पाहणी झाली, तेव्हा अवघे 80 च्या सुमारास उरल्याचा अंदाज निघाला.

मग मासे धरणे पाप आहे काय? मुळीच नाही. प्रभूचे पहिले शिष्य कोळीच होते. प्रश्न जाळ्याचा नव्हे, वहीचा आहे. सृष्टीवर मनुष्यास दिलेला अधिकार मालकाचा नसून कारभाऱ्याचा आहे. आणि लूककृत शुभवर्तमानातील धन्याने कारभाऱ्याजवळ प्रथम हिशेबच मागितला. 1986 पासून व्यापारी शिकारीस आंतरराष्ट्रीय मनाई आहे. तरी नॉर्वेने 1993 त व जपानने 2019 त ती पुन्हा आरंभिली. ती पूर्वीपेक्षा थोडी व उघडपणे होते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण उघडपणे घेतलेले सर्वच गरजेचे असते असे नाही.

बंधुभगिनींनो, दूरच्या राष्ट्रांस दोष देणे सोपे आहे. कोणी पाहत नाही म्हणून रात्री नदीत घाण पाणी सोडणारा व मापात मारणारा दुकानदार, हेही त्याच खोट्या वहीचे धनी होत. जेथे माणसाचा डोळा पोहोचत नाही, तेथे आमची वही खरी आहे काय? देवमाशास साक्ष देता येत नाही, इंद्रायणीच्या माशासही येत नाही. त्यांच्या वतीने हिशेब मागणारा मात्र आहे.